दिलेला शब्द आणि बदललेली यादी

२०२३ च्या उन्हाळ्यात दोन महिने मी अमेरिकेत होतो. तेथील एका धर्मग्रामाचे धर्मगुरू रजेवर गेले होते आणि त्यांच्या जागी मिस्सा, प्रायश्चित्त संस्कार व आजाऱ्यांच्या भेटी ही कामे पाहण्यासाठी मला बोलावण्यात आले होते. आपल्या वसई भागातून तिकडे जाऊन स्थायिक झालेली दोन-तीन कुटुंबे त्या धर्मग्रामात होती. परक्या देशात मराठी कानी पडले की मन कसे हरखते, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना वेगळे सांगायला नको.

एका रविवारी मिस्सा संपल्यावर त्यांपैकी एक भगिनी सॅक्रिस्टीच्या दाराशी येऊन थांबली. वय पंचेचाळीसच्या आसपास. एका शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी. पती एका गोदामात रात्रपाळीला. तिला लहानपणापासून अपस्माराचा विकार. अनेक औषधे करून झाल्यावर शेवटी एका औषधाने गुण आला होता आणि गेल्या तीन वर्षांत तिला एकही फीट आली नव्हती. त्यामुळेच तिला गाडी चालवता येत होती. आणि ती राहत होती त्या भागात गाडी चालवता येणे म्हणजेच नोकरी टिकणे. तिच्या हातात तिच्या आरोग्य विम्याकडून आलेले एक पत्र होते. १ सप्टेंबरपासून तिचे औषध विम्याच्या यादीतून वगळण्यात येत आहे. यादीतील दुसऱ्या दोन औषधांपैकी एखादे डॉक्टरांच्या सल्ल्याने सुरू करावे. जुनेच हवे असल्यास त्याची पूर्ण किंमत स्वतः भरावी, असा त्याचा मथितार्थ.

“फादर,” ती म्हणाली, “नोव्हेंबरात यांची यादी बघूनच मी सही केली. माझी गोळी तिच्यात होती. आता यादी बदलली, तर मलाही दुसरीकडे जाऊ द्या म्हटलं. ते म्हणतात, जानेवारीपर्यंत जाता येणार नाही. त्यांची यादी बदलते, मग माझी सही तशीच कशी राहते?”

मी तिला धीर दिला. म्हणालो, “बाय, काळजी करू नकोस. औषध ते औषध. माझ्या रक्तदाबाच्या गोळीची कंपनी मी बदलली, जनऔषधी केंद्रातून घेऊ लागलो. काही फरक पडला नाही. डॉक्टर सांगतील तसं कर, प्रार्थना कर आणि देवावर भरवसा ठेव.” ती काही बोलली नाही. पत्राची घडी करून तिने पर्समध्ये ठेवली आणि ती निघून गेली.

मी परत आलो. सप्टेंबरच्या अखेरीस तिच्या पतीचा फोन आला. नव्या औषधाची धास्ती वाटल्याने तिने डॉक्टरांमार्फत अपवादासाठी अर्ज केला होता. पहिला अर्ज नामंजूर झाला, दुसरा विचाराधीन होता. दरम्यान उरलेल्या गोळ्या पुरवून पुरवून वापराव्यात म्हणून तिने दिवसाला दोनऐवजी एकच गोळी घ्यायला सुरुवात केली. हे तिने पतीलाही सांगितले नव्हते. एका सकाळी शाळेच्या स्वयंपाकघरात ती कोसळली. कपाळाला टाके पडले. गाडी चालवण्याची परवानगी गेली. अर्ज मंजूर झाल्याचे पत्र त्यानंतर आठ दिवसांनी आले.

फीट नेमकी कशाने आली, हे कोणी शपथेवर सांगू शकणार नाही. परंतु अपस्माराच्या औषधाची मात्रा चुकली की फीट येण्याचा धोका वाढतो, हे वैद्यकशास्त्रात सर्वमान्य आहे. त्या दिवसापासून तिचा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. तिने मला नीतीचा एक स्पष्ट प्रश्न विचारला होता आणि मी त्यावर सांत्वनाचे पांघरूण घातले होते. त्या प्रश्नाला आज मी विलंबाने का होईना, सामोरे जाऊ इच्छितो.

यादी कशी बनते?

प्रथम व्यवहार समजून घेऊ. कारण वस्तुस्थिती न पाहता केलेला नीतिविचार हा बहुधा अन्यायच करतो. आपल्याकडे आरोग्य विमा म्हणजे प्रामुख्याने रुग्णालयातील मुक्कामाचा खर्च. रोजच्या गोळीचे पैसे आपण बहुतेक जण खिशातूनच देतो. अमेरिकेत मात्र विम्यामध्ये डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधांचाही समावेश असतो. कोणती औषधे मिळतील याची प्रत्येक विम्याची एक यादी असते. तिला तेथे फॉर्म्युलरी म्हणतात. यादीला पायऱ्या असतात. खालच्या पायरीवरील औषधासाठी रुग्णाने थोडे पैसे भरायचे, वरच्या पायरीसाठी अधिक. आणि यादीबाहेरच्या औषधासाठी बहुधा सगळेच.

ही यादी ठरवताना डॉक्टर व औषधतज्ज्ञांची समिती औषधांचे गुणदोष पाहते. परंतु किंमतीच्या वाटाघाटी निराळ्या दालनात होतात. विमा कंपनी आणि औषध कंपनी यांच्यामध्ये फार्मसी बेनिफिट मॅनेजर नावाचे मध्यस्थ असतात. “तुमचे औषध यादीत ठेवू, प्रतिस्पर्ध्याचे वगळू, त्या बदल्यात सूट किती द्याल?” असा हा सौदा असतो. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जुलै २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, २०२३ साली त्या देशातील औषध-दुकानांतून दिल्या गेलेल्या प्रिस्क्रिप्शनांपैकी जवळजवळ ८० टक्के प्रिस्क्रिप्शने तीन मोठ्या मध्यस्थ कंपन्यांच्या हातून गेली. मोठी सूट देणाऱ्या चढ्या दराच्या औषधाला यादीत झुकते माप मिळते, असा आक्षेप याच आयोगाने त्या वर्षी इन्सुलिनच्या संदर्भात घेतला.

सौदा बदलला की यादी बदलते. तो वर्षाच्या मध्यावरही बदलू शकतो. रुग्ण मात्र वर्षातून एकदाच, ठरलेल्या मुदतीत, विमा निवडू शकतो. विवाह, अपत्यजन्म, नोकरी जाणे अशा काही विशेष प्रसंगांखेरीज त्याला मध्येच बाहेर पडता येत नाही. आणि आपले औषध यादीतून गेले, हा तसा विशेष प्रसंग मानला जात नाही. त्या भगिनीला दिसले ते नेमके हेच. एका दोरीची दोन टोके. एक टोक बांधलेले, दुसरे मोकळे.

दुसरी बाजू

तथापि विमा कंपनीला एकदम दोषी ठरवून मोकळे होणे सोपे आहे आणि ते न्याय्य नाही. तिची बाजू अशी.

विम्याचा निधी म्हणजे अनेकांच्या हप्त्यांतून साठलेला पैसा. तो आकाशातून पडत नाही. औषध कंपनीने वर्षाच्या मध्यावर किंमत वाढवली आणि यादी बदलण्याची मुभाच नसली, तर विमा कंपनीचे हात बांधले जातात. आपले औषध कोणी काढू शकत नाही हे कळल्यावर औषध कंपनी किंमत कमी करील कशाला? शेवटी तो वाढीव खर्च पुढील वर्षी सर्वांच्या हप्त्यात उतरतो. आणि हप्ता परवडेनासा झाला की सर्वांत गरीब माणूस विम्यातून सर्वांत आधी गळतो. एकाचे औषध वाचवताना दुसऱ्याचा विमाच जात असेल, तर त्या दुसऱ्यासाठी कोण बोलणार?

शिवाय औषध बदलणे म्हणजे प्रत्येक वेळी अपाय, असेही नाही. नॉर्वेमध्ये शासनाच्या साहाय्याने एक मोठा अभ्यास झाला. संधिवात, आतड्यांचे विकार, सोरायसिस अशा व्याधींसाठी इन्फ्लिक्सिमॅब हे महागडे औषध घेऊन स्थिर झालेल्या सुमारे ४८० रुग्णांपैकी निम्म्यांना जुनेच औषध दिले गेले व निम्म्यांना त्याच्याशी साम्य असलेले स्वस्त औषध. वर्षअखेरीस दोन्ही गटांच्या प्रकृतीत एकंदरीत दखल घेण्याजोगा फरक आढळला नाही. हा अभ्यास २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताने २०१९ मध्ये आपल्या सार्वजनिक औषध योजनेत अशी स्वस्त औषधे घेणे सरसकट सुरू केले. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या जेनेरिक औषधांचा मोठा वाटा तर आपल्या देशातील कारखान्यांतच तयार होतो. स्वस्त औषधाकडे संशयाने पाहण्याचे आपल्याला काहीच कारण नाही.

येथेच मला माझी चूक उमगली. माझ्या रक्तदाबाच्या गोळीत घटक तोच राहिला होता. वेष्टन आणि किंमत तेवढी बदलली होती. त्या भगिनीला सुचवलेली औषधे मुळातच निराळी होती. आजार एक, घटक वेगळा. जी तुलना मी इतक्या सहजतेने केली ती तुलनाच नव्हती. आणि अभ्यासातील सरासरी कितीही विश्वसनीय असली, तरी अनेक औषधे निष्फळ ठरल्यावर ज्या व्यक्तीला एकच लागू पडले, तिच्याविषयी ती सरासरी फार थोडे सांगते. धोरणे सरासरीवर आखावी लागतात हे खरे; पण सरासरीला फीट येत नाही. ती माणसाला येते.

शब्द आणि परिस्थिती

आता मूळ प्रश्न. दिलेला शब्द परिस्थिती बदलल्यावर बंधनकारक राहतो का?

सेमिनरीत नीतिशास्त्र शिकताना संत थॉमस अक्वायनस यांचे या विषयावरील विवेचन आम्हाला अभ्यासावे लागे. त्यांची भूमिका ताठर नाही. वचन देताना ते पाळण्याचा हेतू प्रामाणिक होता. पुढे व्यक्तींच्या अथवा व्यवहाराच्या परिस्थितीत बदल झाला, तर वचन न पाळणारा दोषमुक्त ठरू शकतो, असे ते मानतात. त्यासाठी ते सेनेका या रोमन तत्त्वज्ञाचा आधार घेतात. सगळे पूर्वीसारखे असेल तरच वचन पूर्वीसारखे बांधते, हा त्याचा आशय. तेव्हा विमा कंपनी म्हणू शकेल, “औषधाची किंमत बदलली, बाजार बदलला, आमचा शब्दही बदलला.”

हा युक्तिवाद मी पुष्कळ दिवस मनात घोळवला. तो मला तीन ठिकाणी अडखळताना दिसतो.

पहिले असे की, विमा म्हणजे काय? उद्या काय होईल हे ठाऊक नाही, म्हणून आज आपण हप्ता भरतो आणि उद्याची अनिश्चितता दुसऱ्याच्या खांद्यावर देतो. आंबे विकणारा व्यापारी म्हणू शकेल की अवकाळी पाऊस झाला, ठरल्या भावाने माल देता येत नाही. पण अनिश्चितता स्वीकारणे हाच ज्याचा व्यवसाय आणि त्याच कामाचे ज्याने मोल घेतले, त्याने अनिश्चिततेचीच सबब पुढे करावी, हे वचनाच्या स्वरूपाशीच विसंगत आहे. किंमती वाढतात ही काही अकल्पित घटना नव्हे. तिचा अंदाज बांधण्यासाठी गणितज्ञ विमा कंपनीच्या पदरी असतात, शाळेच्या स्वयंपाकघरात राबणाऱ्या स्त्रीच्या नव्हेत.

दुसरे, परिस्थिती बदलल्याने वचन सैल होत असेल, तर ते दोन्ही बाजूंनी सैल झाले पाहिजे. यादी बदलल्यावर त्या भगिनीलाही दुसरा विमा निवडण्याची मोकळीक हवी होती. एकाला बदलत्या परिस्थितीचा लाभ आणि दुसऱ्यावर जुन्या सहीचे बंधन, याला करार हे नाव शोभत नाही. तिने विचारलेला प्रश्न हाच होता. आणि प्रामाणिकपणे सांगतो, मोठमोठ्या ग्रंथांत मला तो याहून नेमकेपणाने मांडलेला आढळला नाही.

तिसरे, परिस्थिती पुरेशी बदलली की नाही, हे ठरवणार कोण? ज्याला शब्द मोडण्यात लाभ आहे, तोच न्यायाधीश होऊन बसला तर निवाडा आधीच ठरलेला असतो.

यावर उत्तर मिळेल की, यादी बदलण्याचा अधिकार करारात लिहिलेलाच होता. तिने वाचून सही करायला हवी होती. कायद्याच्या दृष्टीने हे उत्तर पुरेसे असेल. पण पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली ‘रेरुम नोवारुम’ या परिपत्रकात कामगारांच्या वेतनाविषयी जो विचार मांडला, तो येथे तंतोतंत लागू पडतो. दोघांनी खुशीने सही केली एवढ्याने करार न्याय्य ठरत नाही. दोघांच्या संमतीहून पूर्वीचा आणि श्रेष्ठ असा एक नैसर्गिक न्याय आहे. आणि गरजेपोटी वा भीतीपोटी कोणी कठोर अट मान्य करतो, तेव्हा तो बळजबरीचाच बळी असतो. आजारी माणसाची सही ही नेहमीच गरजेपोटी केलेली सही असते.

आणखी एक सूक्ष्म गोष्ट आहे. कंपनी म्हणेल, “आम्ही औषधांचे वचन दिले, अमुक एका औषधाचे नव्हे.” पहिल्या दिवशी हे खरेही असेल. परंतु रुग्ण त्या यादीवर विसंबून एक औषध सुरू करतो, शरीर त्याला सरावते, त्या औषधाच्या भरवशावर नोकरी, घर, मुलांची शाळा यांची घडी बसते. विसंबलेल्या माणसाच्या आयुष्यात सर्वसाधारण वचन हळूहळू विशिष्ट होत जाते. लग्नाच्या वेळी आपण दिलेले वचनही सर्वसाधारण शब्दांतच असते. वीस वर्षांनी त्याचा अर्थ या आजारी पत्नीची या रात्रीची शुश्रूषा असा होतो. तेव्हा “मी एवढ्या तपशिलाने कबूल केले नव्हते” असे म्हणण्याची सोय राहत नाही.

वाट कोणी पाहायची?

मग यादी कधी बदलूच नये काय? असे मी म्हणणार नाही. एखादे औषध अपायकारक आहे असे सिद्ध झाले, तर ते तत्काळ काढणे हे कर्तव्यच आहे. त्याच घटकाचे स्वस्त जेनेरिक औषध आले, तर ते देण्यात शब्दभंग नाही. नव्याने उपचार सुरू करणाऱ्या रुग्णासाठी नवी यादी लावण्यातही अन्याय नाही. तो अजून कशावर विसंबलेला नाही. प्रश्न उरतो तो एका औषधावर स्थिर झालेल्या माणसाचा, ज्याला केवळ किंमतीसाठी दुसऱ्या घटकाकडे वळवले जाते. त्याच्या बाबतीत माझे मत असे की, ज्या मुदतीसाठी त्याची सही बांधलेली आहे, त्या मुदतीपुरती यादीही त्याच्यासाठी बांधलेली असावी.

हे स्वप्नरंजन नव्हे. अमेरिकेतच याचे दाखले आहेत. तेथील वृद्ध व अपंग नागरिकांसाठी मेडिकेअर ही सरकारी योजना आहे. तिचा औषधांसंबंधीचा भाग २००३ साली मंजूर झालेल्या कायद्याने अस्तित्वात आला आणि २००६ पासून लागू झाला. त्यात सर्वसाधारण नियम असा की, समतुल्य जेनेरिक येणे किंवा औषध असुरक्षित ठरणे यांसारखी कारणे वगळता वर्षाच्या मध्यावर औषध काढले, तरी जे ते आधीपासून घेत आहेत त्यांना वर्ष संपेपर्यंत बदल लागू होत नाही. शिवाय सहा वर्गांतील जवळजवळ सर्व औषधे यादीत ठेवणे बंधनकारक आहे. अवयवरोपणानंतरची औषधे, नैराश्य, मनोविकार, अपस्मार, एचआयव्ही आणि कर्करोग यांवरील औषधे, असे ते सहा वर्ग. म्हणजे आपल्या भगिनीचे वय पासष्ट असते, तर तिला हे संरक्षण लाभले असते. टेक्सससारख्या काही राज्यांनी खासगी विम्यासाठीही असा कायदा केला आहे की, नूतनीकरणाच्या तारखेपर्यंत रुग्णाला ते औषध ठरलेल्या अटींवरच मिळावे. तथापि जे मालक स्वतःच्या पैशातून कामगारांच्या उपचारांचा खर्च भागवतात, त्यांच्या योजनांना १९७४ च्या एका केंद्रीय कायद्यामुळे राज्यांचे विमाविषयक नियम सामान्यतः लागू होत नाहीत. संरक्षणाच्या भिंतीत असे एक मोठे भगदाड आहे आणि लक्षावधी कष्टकरी नेमके तेथेच उभे आहेत.

सर्वत्र अपवादासाठी अर्ज करण्याची सोय असते, हे खरे. परंतु अर्जाचा निकाल लागेपर्यंतच्या काळाचे काय? माझ्या मते सगळ्या प्रश्नाचे मर्म येथे आहे. वाद चालू असताना वाट पाहावी लागतेच. ती कोणी पाहायची? कंपनीने वाट पाहिली तर तिचे काही पैसे अडकतील. पुढे वसूल करता येतील. रुग्णाने वाट पाहिली तर त्याचे शरीर खर्ची पडते. ते कोणत्याही निकालाने परत मिळत नाही. आठ दिवसांनी आलेल्या मंजुरीच्या पत्राने कपाळावरचा व्रण पुसला गेला नाही. म्हणून निकाल लागेपर्यंत औषध चालू ठेवणे, ही दया नव्हे. ती न्यायाची किमान अट आहे.

चांगल्या शोमरोनी माणसाची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. जखमीला उतारशाळेत पोहोचवून तो दोन नाणी देतो आणि जास्त खर्च झाला तर परतताना भरीन, असे कबूल करून पुढे जातो. या दुसऱ्या भागाकडे माझे लक्ष पूर्वी कधी गेले नव्हते. खर्च किती होईल हे त्यालाही ठाऊक नव्हते. परंतु त्या न कळणाऱ्या आकड्याचा भार त्याने स्वतःवर घेतला. जखमी माणसाच्या उशाशी ठेवला नाही.

किंमत कोण देणार?

वाचकहो, आता आपल्यासाठी थोडे अवघड असे बोलायचे आहे. शब्द पाळायला पैसा लागतो. यादी वर्षभर गोठवली तर हप्ता काही प्रमाणात वाढू शकतो, ही कंपनीची तक्रार पोकळ नाही. ती वाढ कोण सोसणार? तर ज्यांना आज कोणतेच औषध लागत नाही असे आपण निरोगी लोक. विम्याचा मूळ अर्थच तो आहे. आपल्या पूर्वजांनी पतपेढ्या उभारल्या, त्या प्रत्येकाला रोज कर्ज लागत होते म्हणून नव्हे. ज्याला लागेल त्याच्यामागे उरलेले उभे राहावेत म्हणून. ‘माझा हप्ता वाढू नये’ एवढीच ज्याची अपेक्षा आहे, त्याने विमा कंपनीच्या निष्ठुरतेविषयी बोलू नये. ती बहुधा त्याच्याच इच्छेचे पालन करीत असते.

हा प्रश्न सातासमुद्रापलीकडचा आहे, असे समजण्याचेही कारण नाही. आपली मुलेबाळे, भावंडे अमेरिकेत आहेत. त्यांपैकी कोणाला मधुमेह आहे, कोणाला दमा. मुंबई-पुण्यातील कितीतरी कार्यालयांत अमेरिकन आरोग्य विम्याच्या दाव्यांचे काम रात्रभर चालते आणि त्या संगणकांसमोर आपल्या धर्मग्रामांतील तरुण-तरुणीही बसलेले असतात. ‘नामंजूर’ हा शेरा कुठेतरी कोणाच्या तरी बोटाने उमटतो. नियम त्या बोटाने केलेला नसतो, हे मान्य. पण अर्ज अपुरा आहे म्हणून परत पाठवायचा की कोणता कागद कमी आहे ते कळवायचे, एवढा अवकाश पुष्कळदा त्या खुर्चीतल्या माणसालाही असतो. आणि उद्या आपल्या देशातही विम्याने रोजच्या औषधांची जबाबदारी घेतली, तर ही यादी आपल्याही दारी येईल. तेव्हा काय मागायचे, हे आजच उमजलेले बरे.

ज्यांचे आप्त तिकडे आहेत त्यांनी दोन-तीन गोष्टी त्यांना जरूर सांगाव्यात. विम्याकडून आलेले पत्र जाहिरात समजून बाजूला ठेवू नये. त्यातील तारीख पाहावी. औषध बदलले जात असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवून, पूर्वी कोणती औषधे निष्फळ ठरली याच्या नोंदीसह अपवादाचा अर्ज करावा. प्रकृतीला धोका असेल तर तातडीचा निर्णय मागावा. मेडिकेअरच्या औषध योजनेत डॉक्टरांचे निवेदन मिळाल्यापासून साधारण अर्जावर ७२ तासांत आणि तातडीच्या अर्जावर २४ तासांत निर्णय द्यावा लागतो. अर्ज फेटाळला गेला तर अपील करावे. आणि काहीही झाले तरी, डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या पुरवून पुरवून घेऊ नयेत.

हे सारे मी त्या रविवारी सॅक्रिस्टीच्या दाराशी सांगू शकलो असतो. निदान सांगणाऱ्याकडे तिला पाठवू शकलो असतो. त्याऐवजी मी तिला सोसण्याचा उपदेश केला. सोसणे ही श्रेष्ठ गोष्ट आहे. पण ती स्वतः पत्करायची असते. दुसऱ्यावर लादलेला अन्याय त्याने सोसावा, असे सांगणारा धर्मगुरू नकळत अन्यायाचे काम हलके करतो.

काही महिन्यांनी मी तिला फोन केला आणि क्षमा मागितली. ती हसली. तोवर तिला जुने औषध मिळू लागले होते. गाडीची परवानगी मात्र अजून मिळायची होती. रोज पहाटे रात्रपाळीहून परतलेला पती तिला शाळेत सोडत होता आणि मग झोपत होता.

“फादर,” ती म्हणाली, “तुम्ही प्रार्थना करायला सांगितलं, ती मी केलीच असती. पण त्या दिवशी ते पत्र तुम्ही वाचलंही नाहीत.”

तिचे म्हणणे खरे होते. पत्र मी हातात घेतले नव्हते. आता कोणी कागद घेऊन दाराशी आले की मी आधी चष्मा शोधतो.